लाइनलाच विचारणारे नरहरीमामा

आमच्या नरहरीमामांचा माणसांपेक्षा तारेवर जास्त विश्वास. माणूस खोटं बोलतो, तार बोलत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. चौतीस वर्षं ते रेल्वेत टेलिकॉम मेंटेनर होते. दुर्गपासून डोंगरगडपर्यंत रुळांच्या कडेनं जी तांब्याची केबल पुरलेली आहे, ती कुठं वळते, कुठल्या पुलाखाली किती खोल जाते आणि कुठल्या गेटजवळ तिला दर पावसाळ्यात सर्दी होते, हे सगळं त्यांना पाठ. मामीचा वाढदिवस मात्र त्यांना पाठ नव्हता. मामी म्हणायची, "मले जमिनीत पुरलं असतं तं यायले याद राह्यली असती."

डिसेंबर अठ्ठ्याण्णवला मामा रिटायर झाले आणि भिलाईच्या क्वार्टरमध्ये कायमचे राहायला आले. कायमचे म्हणजे तोपर्यंत ते रविवारचेच होते. क्वार्टर सुशीलामामीच्या नावावर, कारण स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क ती. सेक्टरमधली ती रांग, मागे अंगण, अंगणात पेरू, पेरूपासून भिंतीपर्यंत कपड्यांची तार. सकाळी साडेआठला मामी लुना काढायची आणि मामा अंगणात उभे राहून तिला टाटा करायचे. मग दिवसभर त्यांना काम काय, तर दळण आणणे आणि गॅसचा नंबर लावणे. ज्यांच्या एका निरोपावर मालगाड्या थांबत, त्यांना सिलिंडरवाला सांगायचा, "कल आना चाचा."

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे राहायला आलो आणि त्यांचं दुखणं वाढवून ठेवलं. मी तुमसरचा. शाळा तिथलीच, पुढे कॉम्प्युटरचा डिप्लोमा, आणि नोकरी भिलाईतल्याच सुपेल्यात, कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या एका दुकानात. दुकानातल्या उरलेल्या भागांचा एक कॉम्प्युटर मी मामांच्या बैठकीत उभा केला आणि फोनला मॉडेम लावलं. तेहतीस हजार सहाशेचं, डबीवर तसं छापलेलंच होतं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा ते कण्हलं, शिट्टी वाजवली, घसा खाकरला, आणि पडद्यावर अक्षरं आली: ९६००.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"स्पीड, मामा. लागलं म्हणजे झालं."

"डबीवर तेहतीस लिहून हाये अन् आलं साडेनऊ. बाकीचं कोनं खाल्लं?"

मी हसलो. तिथंच चुकलो. मामांच्या दृष्टीनं हा मॉडेमचा नव्हे, लाइनचा अपमान होता. आणि लाइन घराच्या भिंतीपर्यंत एक्स्चेंजची असली तरी भिंतीच्या आत त्यांची होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला लागले. फोन आणि मॉडेममधली गुंडाळलेली लांब दोरी त्यांनी फेकली, तिच्या जागी वीतभर आखूड लावली. पुन्हा ९६००. ट्यूबलाइटचा चोक गुरगुर करतो म्हणून ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला, आणि मामीला तांदळातले खडे दिसेनासे झाले. ९६००. भिंतीवरचा जॅक नवा आणला, त्याचे स्क्रू पेट्रोलनं पुसले. घरात तीन दिवस वास; गती तीच. माझ्याकडून त्यांनी मॉडेमला द्यायच्या आज्ञांचा कागद मागून घेतला आणि एटी या अक्षरांनी सुरू होणारे ते मंत्र एका बोटानं टाइप करत बसले. बफर वाढवला, पोर्टची गती वाढवली, मग मॉडेमला सांगितलं की उडी मोठी मारू नकोस, चौदा हजार चारशेवरच लाग, पण नीट लाग. ते चौदावर लागलं, दोन मिनिटं कण्हलं आणि पुन्हा साडेनऊवर येऊन बसलं.

आठवडाभरात त्यांना पडद्याकडे बघायची गरज उरली नाही. आतल्या खोलीतून नुसती शिट्टी ऐकूनच सांगायचे, "साडेनऊ." एकदा बारा हजार लागलं तर तोंडात मंजन तसंच ठेवून धावत आले. तोवर तुटलं होतं.

तुटणं हे दुसरं दुखणं. कनेक्शन पंधरा-वीस मिनिटं टिके आणि अचानक खट्. कधी बारा मिनिटं, कधी बावीस. मामांनी वहीत वेळा लिहिल्या. चौतीस वर्षांचा अनुभव सांगत होता की तारेचा दोष असेल तर तो ऊन वाढलं की वाढेल, गाडी गेली की हलेल, दव पडलं की बोलेल. या दोषाला कसलंच ताळतंत्र नव्हतं. "हे तारेसारखं वागून नाही राह्यलं," मामा म्हणाले, "हे मानसासारखं वागून राह्यलं." किती बरोबर बोलून गेले हे त्यांनाही कळलं नाही.

तक्रार केली तेव्हा लाइनमन सुखराम आला. खांबावर चढला, उतरला, आमच्या फोनवरून कुणाला तरी हॅलो म्हणाला.

"बने तो हे, कका." म्हणजे ठीकच आहे.

"अरे, लेकिन डेटा स्लो जा रहा है. शोर है लाइन में."

"गोठ-बात होवत हे न?" सुखरामनं विचारलं. बोलणं होतंय ना? मामांना हो म्हणावं लागलं. "त अऊ का चाही?" मग आणखी काय हवं, म्हणत तो पाणी पिऊन गेला. मामांचा चेहरा पाहण्यासारखा होता. जन्मभर त्यांनी स्टेशनमास्तरांना हेच वाक्य ऐकवलं होतं.

इथपर्यंत ही सगळी करमणूक होती, निदान माझी. एप्रिलच्या मध्यावर दौलतरावांचं पत्र आलं आणि मामांची करमणूक संपली.

दौलतराव म्हणजे मामांचे जुने इन्स्पेक्टरसाहेब. रिटायर होऊन ते हैदराबादच्या एका कंपनीत सल्लागार झाले होते. कंपनीला दुर्ग-डोंगरगडच्या रुळांशेजारी नवी काचेची, ऑप्टिकल फायबरची केबल टाकायची होती. खोदताना जुनी तांब्याची तुटू नये म्हणून ती कुठं आहे हे जाणणारा माणूस त्यांना हवा होता. दौलतरावांनी लिहिलं होतं, "नरहरी, तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण कंपनी नव्या पोरांची आहे. नकाशे कॉम्प्युटरवरून पाठव, सगळे एकाच फाइलमध्ये. मंगळवार, सत्तावीस एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत. ज्यांचे येतील त्यांतूनच माणूस घेतील."

ते पत्र मामांनी चारदा वाचलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना केबल कुठं आहे हे विचारत होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी स्वतःहून दुसरी पोळी मागितली. मामी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हे काम याले भेटलं पाह्यजे बाप्पा. नाही तं हा मानूस एक दिवस माह्या मिक्सरची वायरिंग बदलून टाकन."

सव्वीस नकाशे मामांनी आठ दिवसांत काढले. पट्टी, पेन्सिल, वर काळी शाई. प्रत्येक पूल, प्रत्येक गेट, रुळाच्या मध्यापासून केबलचं अंतर मीटरमध्ये. मी ते दुकानात स्कॅन केले आणि लहानात लहान करून एक फाइल बनवली. दीड एमबी झाली. फ्लॉपीत मावतात एक पॉइंट चव्वेचाळीस. एवढ्याशा शेपटीसाठी हत्ती अडला. तरी ती फोडून दोन फ्लॉप्यांवर भरली आणि सुपेल्यातल्या इंटरनेटवाल्याकडे नेली. त्याच्या मशीननं पहिली वाचली, दुसरी दर वेळी थुंकली; आणि दुकानाच्या फोनला मॉडेम लावू द्यायला माझा मालक तयार नव्हता.

राहिलं घरचं मॉडेम. हिशेब सोपा आणि क्रूर होता. मेलमधून जाताना फाइल फुगते, ती ९६००नं जायला अर्धा तास तरी लागणार. आणि लाइन वीस-बावीस मिनिटांच्या वर टिकत नाही. तुटली की पहिल्यापासून सुरुवात. तीच तीस हजारानं गेली तर अकरा मिनिटांत पार. म्हणजे स्पीड हा आता शौक नव्हता.

शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी मी सुट्टी टाकली. नवल म्हणजे मामीही हाफ-डे टाकून दुपारी घरी आली. मामांना वाटलं आपल्यासाठी. सकाळपासून तीन प्रयत्न झाले होते. पहिला चाळीस टक्क्यांवर मेला. दुसरा एकाहत्तरवर. तिसऱ्यानं छळ केला. तो चालतच राहिला, ऐंशी, पंच्याऐंशी. मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे, "चाल, चाल रे बाप्पा," असं बैलाला म्हणावं तसं म्हणत होते. अठ्ठ्याऐंशीवर खट्.

दोन वाजले होते. मामा आत गेले आणि ट्रंकेतून सुईवाला जुना मीटर घेऊन आले. दोन महिने ते माझ्या दुकानातला आकडेवाला नवा मीटर वापरत होते, आणि तो इमानदारीत सांगत होता की लाइनचा रेझिस्टन्स एकदम ठीक.

"डिप्लोमा," मामा म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारत. "मॉडेम काढ. फोन काढ. कुलरचा प्लग बी काढ."

"कुलर काऊन? जीव जाईन ना उन्हानं!" मामी आतून ओरडली.

बाहेरच्या भिंतीवरच्या डबीत त्यांनी एक्स्चेंजकडून येणारी जोडी सोडवली. आता घरातली तार सगळीकडून मोकळी होती. तिच्या टोकांना त्यांनी मीटरच्या काड्या लावल्या, मग उलट्या करून लावल्या. सुईनं टुणकन उडी मारली आणि परत येऊन बसली.

मामांनी काड्या पुन्हा उलटवल्या. पुन्हा उडी.

"पाह्यलं का?"

"काय, मामा?"

"फोनच्या पोटात घंटी असते, घंटीसंगं कंडेन्सर असते. एक फोन, एक उडी. फोन नाही, तं सुई झोपली पाह्यजे." त्यांनी आमच्या काढून ठेवलेल्या फोनकडे बोट दाखवलं. "हा इथं पडून हाये. मंग ही घंटी कोनाची उडून राह्यली? माह्या लाइनवर दुसरा फोन हाये. कोन्या तरी गाढवानं टी मारली हाये!"

टी म्हणजे चालू तारेला मध्येच फोडलेली फांदी. तीच निम्मा आवाज पिऊन टाकते, मामांनी मला चालता चालता सांगितलं, आणि त्या फांदीच्या टोकाला बसून कुणी फोन उचलला की डेटा मेला. दोन्ही दुखणी एकच. डबीपासून बैठकीपर्यंतची तार मागच्या व्हरांड्यातून जात होती. तेवढा एकच तुकडा त्यांनी दोन महिन्यांत तपासला नव्हता, कारण तो एक्क्याण्णव साली त्यांनी स्वतः टाकला होता आणि स्वतः टाकलेल्या तारेत दोष नसतो.

छपराच्या खाली, आठ वर्षांच्या चुन्याखाली, एक गाठ निघाली. गाठीतून एक बारीक तार निघून कपड्यांच्या तारेला गुंडाळत, पेरूवरून, थेट शेजारच्या क्वार्टरमध्ये गेली होती. त्या तारेवर मी रोज बनियन वाळत घालत होतो. मला ती केबलवाल्याची मेलेली तार वाटायची.

"मैनाबाईच्या घरात?" मामांचा आवाज चढला. "सुशीला! हे कोनं केलं?"

मामी पदराला हात पुसत आली. गाठीकडे पाहिलं, मग मामांकडे. "तुमीच."

"मी? वेड लागलं काय तुले?"

"तुमी डोंगरगडले राहा, मी ऑफिसात. रेल्वे कंट्रोलरूमचा फोन आला तं उचलाले घरी कोन होतं? म्हून तुमीच तं मैनाबाईले तार देली. म्हणे, वयनी, माहा फोन आला तं उचलत जा, अन् शेजारचा पीपी नंबर म्हून तुमी बी हाच द्या लोकाले."

"मंग आतापर्यंत सांगितलं काऊन नाही?"

"तुमी मले विचारलं कुठी?" मामी म्हणाली. "दोन महिने झाले, तुमी तं लाइनलेच विचारून राह्यले."

मामांचा यावर विश्वास बसेना. स्टुलावर चढून त्यांनी चुना नखानं खरवडला. सात वेढे, शेवटचा आत दाबलेला. मेंटेनरचा जोड म्हणजे त्याचं अक्षर. दौलतराव म्हणे नुसता जोड पाहून सांगत की हा नरहरीचा. मामा त्या गाठीकडे बघत राहिले. आपल्याच अक्षरातली शिवी वाचावी तसे.

"चांगला बसला हाये," शेवटी ते म्हणाले. "आठ वर्षं झाले, गंजला बी नाही."

"मग कापा," मी म्हणालो. "तीन वाजले. पक्कड देऊ?"

पक्कड त्यांच्या हातात होतीच. ती गाठीला लागणार एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"भाऊजी, आज फोन मोकळा हाये ना जी?"

मैनाबाई. नवरा प्लांटमध्ये होता, वारला. तिलाच तिथं नोकरी मिळाली, शिफ्टची. मुलगी हीरा बावीस वर्षांची. मैनाबाई पदर डोक्यावर घेऊन उभी होती आणि हीरा तिच्या मागे, नसल्यासारखी.

"भंडाऱ्याकडचे पाहून गेले ना हीराले," मैनाबाई म्हणाली. "मुलाचा काका बाजाराच्या दिवशी तहसिलाले येते, मंगळवारी. तिथून फोन करतो म्हणे, हो का नाही सांगतो. पाचच्या बशीनं वापस जाते. मागच्या मंगळवारी दोन घंटे लावला म्हणे त्यानं, अन् एंगेज, एंगेज. निरोप धाडला, तुमाले इच्छा नसन तं तसं सांगा. मी तवापासून दर घडीले उचलून पाह्यतो, लाइन मोकळी झाली का. कानात नुसती कीर्रऽऽ. मले वाटलं तुमच्या घरी कोनी आजारी हाये, मशीन लावली हाये."

मामीनं हाफ-डे कशासाठी टाकला होता हे आम्हांला तेव्हा कळलं.

मी मामांच्या जवळ सरकून हळूच म्हणालो, "मामा, अकरा मिनिटं. कापू, पाठवू, परत जोडू. पंचवीस मिनिटांत यांचा फोन मोकळा."

"अन् लागाले? दुपारचं तुयं यंत्र वीस-वीस वेळा डायल करते तवा लागते. तितक्यात तो काका दोनदा लावून बशीत बसून जाईन."

"पण पाचला यादी बंद होते, मामा!"

"मले माहीत हाये पाच किती वाजता वाजते." मामा खेकसले. मग कुंपणाकडे वळून, एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "वयनी, लाइन क्लिअर हाये. तुमी फोनपाशी बसा."

मैनाबाई गेली. मामांनी डबीतली जोडी परत लावली, फोन जोडला, मॉडेमची दोरी स्वतःच्या हातानं उपटून खिशात घातली, जणू काही मी ती चोरून लावणार होतो. मनात तेच होतं. मग फोनसमोर स्टूल ठेवून बसले. मी घड्याळाकडे पाहत होतो, मामी मामांकडे.

"डोंगरगडचा तो किस्सा सांगा ना," मामी म्हणाली. ताण हलका करायचा तिचा प्रयत्न. मामांचं लक्ष फोनवर, म्हणून तिनंच मला सांगितला. एकदा रविवारी दुपारी कंट्रोलचा फोन आला, मामा जेवून झोपलेले सुपेल्याच्या मावसभावाकडे. मैनाबाईनं उचलला, इंग्रजी-हिंदी निरोप हीराच्या जुन्या पाटीवर लिहिला आणि ती पाटी घेऊन उन्हात चालत सुपेल्याला गेली. पाटीवर होतं: 'मुडीपारचा बोलाक मरून गेला, भाऊजीले पाठवा.' डोंगरगडजवळची ब्लॉकची, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये गाड्या सोडायची, लाइन बंद पडली होती. मामा तासाभरात गाडीत होते.

"त्याचं मले शाबासकीचं पत्र भेटलं," मामा फोनकडे बघतच म्हणाले. "पाटी तिची होती."

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मामांनी सवयीनं उचलला. पलीकडे दौलतराव. त्यांचा आवाज एवढा मोठा की मला शेजारून ऐकू येत होता. "नरहरी, कुठाय तुझी फाइल? बिलासपूरच्या एकाची आली. मी ह्यांना थांबवून धरलंय, पण पाचच्या पुढे माझं चालत नाही."

"साहेब," मामा म्हणाले, "लाइन बिझी हाये. ठेवा."

"काय? अरे, तू बोलतोयस ना माझ्याशी?"

"म्हूनच बिझी हाये. ठेवा साहेब." आणि ठेवला. चौतीस वर्षांत इन्स्पेक्टरचा फोन त्यांनी पहिल्यांदा आपल्या हातानं बंद केला. त्यांच्या कपाळावर घाम होता. कुलरचा प्लग कुणीच परत लावला नव्हता.

साडेचार. पावणेपाच. मी एकदा म्हणालो की तो काका येतो कशावरून, आणि मामीनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. पाचला दहा कमी असताना घंटी वाजली. मामांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. दोन घंट्या. तिसरी अर्धी वाजून बंद झाली. पलीकडे उचलला होता.

आम्ही तिघं त्या बंद फोनकडे पाहत बसलो. उचलून ऐकणं मामांना एका बोटाचं काम होतं. त्यांनी ते बोट गुडघ्याखाली दाबून ठेवलं होतं. चार मिनिटांनी कुंपणाकडून मैनाबाईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, पण रडण्यात हसू होतं. मामी पळतच बाहेर गेली. "हो म्हणाले!" ती तिथून ओरडली. "मेच्या शेवटच्या आठवड्यात!"

"डिप्लोमा, चालू कर," मामा म्हणाले. खिशातली दोरी त्यांनी माझ्या अंगावर फेकली आणि पक्कड घेऊन व्हरांड्यात धावले. कट् झाल्याचं मला आत ऐकू आलं. चार पंचावन्न.

एंगेज. पुन्हा डायल. एंगेज. मामा दारात उभे. पाच वाजले तेव्हा सातवं डायल चालू होतं. पाच वाजून सात मिनिटांनी पलीकडून उचललं गेलं, आणि शिट्टी वेगळीच आली. कण्हणं नाही, खाकरणं नाही. दोन ठणठणीत टंग, टंग, मग एक लांब, स्वच्छ फुंकर. पडद्यावर आकडा येण्याआधीच मामांचे डोळे मोठे झाले.

"एकतीस," ते म्हणाले.

३१,२०० आलं. फाइल अकरा मिनिटांत गेली, एकदाही न अडखळता. मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, पण या वेळी बैलाला काही म्हणाले नाहीत. शंभर टक्के झाल्यावर ते पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडे पाहत म्हणाले, "काय जाते बे! कशी जाते!" घड्याळात पाच अठरा झाले होते.

गुरुवारी उत्तर आलं, दोन ओळींचं, इंग्रजीत. नकाशे सुरेख आहेत, यादी मंगळवारी पाचला बंद झाली. खाली दौलतरावांनी स्वतःहून एक ओळ टाकली होती: 'काय झालं, नरहरी?'

मी चिडलो होतो. मामांवर, त्या काकावर, मंगळवारच्या बाजारावर, अठरा मिनिटांवर. "आता तरी कापलेली राहू द्या ती तार," मी म्हणालो. "दुसरं काम येईल, तिसरं येईल." पण बाहेर बघितलं तर तार जागेवर होती. मंगळवारी संध्याकाळीच त्यांनी ती परत जोडली होती, पुन्हा सात वेढे. लग्नघर, मैनाबाईला आता दिवसाला दहा फोन.

"उत्तर लिहायचं हाये," मामा म्हणाले. "फेल्युअर झालं तं मेमो द्यावा लागते. कारण लिहिल्याशिवाय केस बंद होत नाही." आणि त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं, रेल्वेच्या फॉर्मात असतं तसं.

दोष: डेटा धिमा, वारंवार खंडित.

कारण: टी जॉइंट.

जोड करणारा: स्वतः.

मॉडेम कण्हलं, शिट्टी वाजवली, घसा खाकरला. "साडेनऊ," मामा पडद्याकडे न बघता म्हणाले.

"मामा, शेवटचा रकाना राहिला. दोष दूर केल्याची तारीख."

मामांनी खिडकीतून पेरूकडे पाहिलं. पलीकडे पाठमोरी उभी राहून हीरानं कुणाला तरी लावायला फोन उचलला, आणि आमच्या मॉडेमचा दिवा लुकलुकून विझला.

"लिही," ते म्हणाले. "प्रलंबित. लग्न होऊन जाऊ दे."

मी लिहिलं, आणि पुन्हा डायल करायला बसलो.